हेलिकॉप्टर इन्स्ट्रक्टरच्या चेकराइडची तयारी, गोव्यात घरी बसून

फोंड्याच्या एका तरुण वैमानिकाने विचारलं आहे: अमेरिकेत हेलिकॉप्टरचं कमर्शियल लायसन्स झालं, इन्स्ट्रक्टरच्या दोन्ही लेखी परीक्षा सुटल्या, आता प्रॅक्टिकल, म्हणजे चेकराइड, राहिली आहे. ती आर-२२ वर, म्हणजे रॉबिन्सन कंपनीच्या दोन सीटच्या छोट्या हेलिकॉप्टरवर, द्यायची आहे. मधले दोन महिने घरी आहे आणि हेलिकॉप्टर हाताशी नाही. इथे बसून काय तयारी करू? तोंडी परीक्षा लोक सांगतात तितकी कठीण असते का? आई सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, हेही त्याने सहज लिहिलं आहे. माझ्या उत्तरात तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडणार आहे.

मी नौदलात चेतक हेलिकॉप्टरवर शिकवलं आणि नंतर सिव्हिलमध्ये रॉबिन्सनवर. दोन्हीकडचा अनुभव धरून सांगतो.

तुझं उड्डाण कमर्शियलच्या वेळी तपासून झालं. आता एक्झॅमिनरला बघायचं असतं की हेलिकॉप्टर उडवताना तुझं तोंड चालतं का, आणि तोंड चालू असताना शेजारी बसलेल्याच्या हातापायांवर तुझं लक्ष राहतं का. ही तीन कामं एका वेळी करायचा सराव वेगळा करावा लागतो. चांगले हात असलेली मुलं इथे अडकतात ती याच कारणाने: बोलायला लागली की हॉवर, म्हणजे हवेत एका जागी तरंगणं, हलतो, हॉवर सांभाळला की बोलणं बंद पडतं. उडवणं सोडलं तर बोलणं आणि बघणं या दोन्हींसाठी हेलिकॉप्टर लागत नाही. दोन महिने त्यालाच दे.

तोंडी परीक्षा लांबते, हे खरं आहे. चार-सहा तास चालली तर नवल वाटून घेऊ नकोस. ३१ मे २०२४ पासून एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, जुन्या प्रॅक्टिकल टेस्ट स्टँडर्ड्सच्या जागी एसीएस (एअरमन सर्टिफिकेशन स्टँडर्ड्स) आणलं. त्यात प्रत्येक टास्कखाली ज्ञान, धोक्याचं व्यवस्थापन आणि कौशल्य असे तीन भाग आहेत. एक्झॅमिनर त्याबाहेर जात नाही, म्हणून ते छापून घे आणि रोज एका टास्कवर खूण कर. मधला भाग, धोक्याचा, मुलं वाचून सोडून देतात. इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेत सर्वात जास्त प्रश्न मला तिथूनच आलेले दिसले आहेत.

आता आईकडे वळू. एक दिवस परवानगी काढून तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बस. "समजलं का?" असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो आणि त्या होकाराला काही अर्थ नसतो, हे कुठल्याही प्राथमिक शिक्षिकेला पहिल्या वर्षीच कळतं. ती एखाद्याला फळ्यापाशी बोलावते, हातात खडू देते आणि गप्प उभी राहते. त्याचा खडू कुठे थांबतो ते बघते. एक्झॅमिनर विद्यार्थी होऊन तुझ्यासमोर बसतो तेव्हा तोही "यस सर" म्हणून मान डोलावणार आहे. तू पुढे सरकलास की तो समजला, तुला तपासणं येत नाही. तिथे कलेक्टिव्हबद्दल, म्हणजे डाव्या हाताच्या वर-खाली नेणाऱ्या दांड्याबद्दल, विचारायचं: "आता कलेक्टिव्ह वर घेतला तर नाक कुठे जाईल? का?" उत्तर येईपर्यंत तू गप्प. ही गप्प राहायची सवय आईकडून उचल, तिच्यासारखा मास्तर तुला पैसे देऊन मिळणार नाही.

मग संध्याकाळी तिलाच विद्यार्थी कर. टॉर्क, ग्राउंड इफेक्ट, ऑटोरोटेशन, रिट्रीटिंग ब्लेड स्टॉल, एकेक विषय मराठीत समजावून सांग. परीक्षा इंग्रजीत आहे हे मान्य, पण पुस्तकातली इंग्रजी वाक्यं इतकी घोटलेली असतात की आपल्याला विषय कळला आहे की वाक्य पाठ आहे हे आपलं आपल्यालाच कळत नाही. मराठीत सांगताना पाठांतराचा आधार सुटतो. आईने मध्येच "पण मग ते शेपटीकडचं छोटं पातं कशाला?" असं विचारलं आणि तू अडखळलास, तर तो विषय पुन्हा वाचायचा. एफओआयमध्ये, म्हणजे शिकवण्याच्या तत्त्वांच्या पेपरात, तू शिकण्याच्या चार पायऱ्या वाचल्या आहेस: पाठांतर, समज, वापर आणि सांगड. एक्झॅमिनर तुला चौथ्या पायरीवर शोधतो. आठवडाभर मराठीत झालं की तेच इंग्रजीत कर, वाक्यं आपोआप सोपी येतील.

एफओआयबद्दल एवढंच की त्याची यादी म्हणून दाखवू नकोस. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाचे शिकण्याचे नियम आता सगळ्यांना पाठ असतात. प्रश्न असा येतो: विद्यार्थ्याला पाच तास झाले, हॉवर जमत नाही, काल तो रडवेला होऊन उतरला, आज काय कराल? इथे इफेक्टचा नियम (समाधान देणारं शिकणं टिकतं) आणि लर्निंग प्लॅटो (प्रगती थांबल्यासारखा टप्पा) दोन्ही आहेत, पण एक्झॅमिनरला नावं नकोत, तुझा आजचा धडा हवा. मी असतो तर तिन्ही कंट्रोल एकदम देणं बंद केलं असतं. आधी फक्त पेडल त्याच्याकडे, बाकी माझ्याकडे. नाक एका झाडावर धरायचं, बस्स. मग फक्त कलेक्टिव्ह. सायक्लिक (पुढे-मागे आणि बाजूला नेणारा दांडा) सर्वात शेवटी आणि तोही काही सेकंदांपुरता, तो डगमगायच्या आत परत घ्यायचा. उतरताना त्याच्या हातून एक गोष्ट नीट झालेली असली पाहिजे. असं उत्तर दिलंस तर नियमांची नावं विचारायची त्याला गरज पडत नाही.

आता डावी सीट. विद्यार्थी उजवीकडे बसतो, तू डावीकडे. आर-२२ मध्ये दोघांच्या मध्ये एकच सायक्लिक आहे, वर आडवी दांडी आणि तिच्या दोन टोकांना दोन मुठी. ती दांडी मधोमध झुलते. विद्यार्थ्याने त्याची मूठ मांडीपाशी खाली धरली की तुझी मूठ छातीपाशी वर जाते. हात कुठेही न टेकवता हवेत ठेवून तुला हॉवर करायचा आहे, आणि त्याच वेळी बोलायचं आहे. विद्यार्थी उडवत असताना मात्र मुठीला सतत धरून ठेवायचं नसतं. अंगठा आणि बोटांचं सैल कडं तिच्याभोवती, स्पर्श न करता. डावा हात कलेक्टिव्हला वरून अलगद लागून, म्हणजे विद्यार्थ्याने घाबरून तो वर ओढला तर तुझा तळवा आधीच तिथे असतो. पाय पेडलवर टेकलेले, पण जोर न देता. हे घरीही करता येतं: खुर्चीत बस, हात असे धर आणि पूर्ण धडा मोठ्याने बोल. पाचव्या मिनिटाला खांदा दुखायला लागेल. तो खांदा इथेच तयार करून जा. परत गेल्यावर पहिले काही तास फक्त डाव्या सीटवरून उडव, कारण डावीकडून क्षितिज आणि एअरस्पीडचा काटा दोन्ही वेगळे दिसतात.

ऑटोरोटेशनवर, म्हणजे इंजिनाविना नुसत्या फिरत्या रोटरवर खाली उतरण्यावर, मी सर्वात जास्त वेळ घालवेन. आर-२२ मध्ये ऑटोत हेलिकॉप्टर मिनिटाला १५०० फुटांहून वेगाने खाली येतं. ५०० फुटांवरून सुरू केलंस तर तुझ्याकडे सगळं मिळून जेमतेम १५ ते २० सेकंद असतात, आणि तेवढ्यात करायचंही आहे आणि सांगायचंही आहे. म्हणजे शब्द मोजून आणलेले हवेत. आत जाताना (लिव्हर म्हणजे कलेक्टिव्ह): "लिव्हर खाली, उजवा पाय, नाक सांभाळ." स्थिर झाल्यावर: "वेग पासष्ट, आरपीएम हिरव्यात, नाक सरळ, जागा हीच." चाळीस फुटांच्या सुमारास, नाक वर करून वेग मोडायला: "फ्लेअर." आठ-दहा फुटांवर: "सपाट." आणि पॉवर रिकव्हरी (जमिनीला न टेकता इंजिनाची ताकद परत घेणं) असेल तर फ्लेअरमध्येच थ्रॉटल जोडून, सपाट करताना "कलेक्टिव्ह, डावा पाय, हॉवर." एवढंच. उरलेलं सगळं, म्हणजे का, कसं, काय चुकू शकतं, ते जमिनीवरच्या ब्रीफिंगमध्ये सांगून झालेलं असतं. हवेत कारणमीमांसा करणारा इन्स्ट्रक्टर एक्झॅमिनरला आवडत नाही, आणि ते बरोबर आहे. घड्याळ लावून हे शब्द इंग्रजीत रोज म्हण, इतके की ते तोंडात राहतील आणि डोळे आरपीएमकडे मोकळे होतील.

एक्झॅमिनर विद्यार्थी म्हणून चुका मुद्दाम करतो. ऑटोत जाताना कलेक्टिव्ह अर्धाच खाली नेईल. किंवा नाक इतकं खाली घालेल की वेग ८० ला जाईल. फ्लेअर उशिरा करेल. हॉवरमध्ये इंजिन बंद झाल्याचं दाखवलं की घाबरल्यासारखा कलेक्टिव्ह खाली दाबेल. प्रत्येक चुकीसाठी तुझ्याकडे दोन मर्यादा ठरलेल्या हव्यात: कुठपर्यंत तोंडाने सांगायचं आणि कुठून पुढे कंट्रोल घ्यायचे. आर-२२ चा रोटर हलका आहे, त्यात ऊर्जा थोडी साठते. लो आरपीएमचा हॉर्न ९७ टक्क्यांना वाजतो. ८० टक्के अधिक दर हजार फुटांना एक टक्का, याच्या खाली रोटर स्टॉल झाला की परत येत नाही. म्हणून हॉर्न वाजला आणि विद्यार्थ्याचा हात हलला नाही, तर तिथे शिकवणं थांबतं: "आय हॅव द कंट्रोल्स." स्पष्ट, मोठ्याने, आणि समोरून "यू हॅव द कंट्रोल्स" ऐकल्यावर पुन्हा एकदा तू. ही तीन टप्प्यांची अदलाबदल परीक्षेत एकदाही गाळू नकोस. आणि उलट बाजूही सांभाळ: जरा नाक हललं की कंट्रोल हिसकावणारा इन्स्ट्रक्टर नापास होतो, कारण विद्यार्थ्याला स्वतःची चूक दिसायच्या आधीच तो ती पुसून टाकतो.

रॉबिन्सनवर देतो आहेस म्हणून एसएफएआर ७३, म्हणजे रॉबिन्सनसाठीचा एफएएचा खास नियम, कोळून प्यायला हवा. लो-जी (वजन हलकं होणं) आणि मास्ट बंपिंग (रोटरचा मधला भाग खालच्या दांड्यावर आपटणं): नाक पुढे ढकलून वजन हलकं झालं की हेलिकॉप्टर उजवीकडे कलतं, आणि हात आपोआप डावीकडे सायक्लिक देतो. तिथेच घात होतो. आधी सायक्लिक हळुवार मागे, रोटरवर भार परत आला की मग कल सरळ करायचा. हे हवेत करून दाखवायचं नाही, मनाई आहे. फळ्यावर समजावता आलं पाहिजे. विद्यार्थ्याला आर-२२ वर सोलो पाठवण्याआधी त्याच यंत्रावर किमान २० तास ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतचं उड्डाण, झालेलं असावं लागतं, हाही प्रश्न येतो. आणि तुझ्यासाठी: आर-२२ मध्ये शिकवायला तुझे हेलिकॉप्टरचे एकूण २०० तास आणि त्यातले ५० आर-२२ वर असावे लागतात. तुझं लॉगबुक त्या आकड्यांना पोचतं का ते आत्ताच बघ. तारीख घेतल्यानंतर कळलं तर फार गैरसोय होते.

गोव्यात असल्याचा फायदा घे. बोगमाळ्याच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये सी किंग आणि कामोव्ह-२५ दोन्ही आहेत. सी किंगला मोठा रोटर आणि शेपटीला टेल रोटर. कामोव्हला एकावर एक उलट दिशेने फिरणारे दोन रोटर आणि टेल रोटर नाहीच. अकरावी-बारावीतल्या एखाद्या चुलत-मावस भावंडाला बरोबर ने आणि टॉर्कचा (रोटर फिरला की धड उलट दिशेने फिरू बघतं, त्याचा) धडा तिथे उभा राहून दे. एकाच अडचणीला दोन उत्तरं डोळ्यासमोर असताना पोराच्या डोक्यात जो उजेड पडतो तो बघ, आणि कुठल्या वाक्याला पडला ते लक्षात ठेव. तेच वाक्य परीक्षेत वापरायचं.

याच धड्यात पेडलचा मुद्दा येतो. चेतकचा रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे कलेक्टिव्ह वर घेतला की नाक डावीकडे जातं आणि उजवा पाय लागतो. रॉबिन्सनचा उलट: नाक उजवीकडे, पाय डावा. चेतकवर वाढलेल्या माझ्यासारख्यांना रॉबिन्सनवर पाय नव्याने शिकवावे लागतात. विद्यार्थ्याला "पॉवर वाढली की डावा पाय" एवढंच शिकवलंस तर तो एका यंत्रापुरता वैमानिक झाला. एक्झॅमिनर विचारू शकतो: रोटर उलटा फिरत असता तर? एलटीईच्या (टेल रोटरचा प्रभाव हरपण्याच्या) वाऱ्याच्या दिशा कशा बदलल्या असत्या? ट्रान्सलेटिंग टेंडन्सी (टेल रोटरच्या जोराने बाजूला सरकणं) कुठे नेली असती? कागदावर दोन्ही आकृत्या काढून ठेव.

आता इथली हवा. मे महिन्यात किनाऱ्यावर ३५ अंश असताना समुद्रसपाटीलाच डेन्सिटी अल्टिट्यूड सुमारे २४०० फूट होते, दमटपणा धरला तर आणखी थोडी. उंचीवर न जाता यंत्र उंचीवर गेल्यासारखं वागतं. या आकड्यांवर आर-२२ चं वजन, एक्झॅमिनर आणि तू धरून, हॉवर जमतो का ते तक्त्यावरून काढायचा सराव इथेच कर. आर-२२ च्या बीटा टू मॉडेलचं कमाल वजन १३७० पौंड, आणि एका सीटला, खालच्या सामानासकट, २४० पौंड. एक्झॅमिनरचं वजन आधी विचारून घे. विचारायला संकोच वाटतो, पण न विचारता आलेला उमेदवार वेट अँड बॅलन्सच्याच प्रश्नावर अडकतो.

व्होर्टेक्स रिंग स्टेट (रोटर स्वतःच खाली ढकललेल्या हवेत बुडणं) समजावताना मी नेहमी आपल्या दुपारच्या समुद्रवाऱ्याचं उदाहरण द्यायचो. वारा पश्चिमेकडून येतो. त्या वेळी पूर्वेकडे तोंड करून एखाद्या सड्यावर उतरायला गेलास तर वारा पाठीमागून; जमिनीवरचा वेग ठीक दिसतो, पण हवेतला वेग जवळजवळ शून्य. त्यात खाली येण्याचा वेग मिनिटाला ३०० फुटांच्या पुढे गेला आणि पॉवर लावलेली आहे, की तिन्ही अटी पुऱ्या झाल्या. विद्यार्थी आणखी कलेक्टिव्ह ओढतो आणि आणखी खाली बसतो. सुटका पुढे सायक्लिक देऊन वेग घेण्यात, किंवा व्हुइशार या वैमानिकाच्या पद्धतीने बाजूला निसटण्यात. दोन्ही समजावता आल्या पाहिजेत.

आणि पिनॅकल अप्रोचसाठी (टेकडीच्या माथ्यावर उतरायला येण्यासाठी) एकदा काब द रामच्या किल्ल्यावर जा, दुपारनंतर. काठीला हलकी फीत बांधून ने. समुद्राकडच्या तटाजवळ, सुरक्षित अंतरावरून, फीत वर उचललेली दिसेल; तशीच काही पावलं मागे ये, ती गोंधळून कुठेही फडफडायला लागेल. टेकडीच्या माथ्यावर वाऱ्याच्या बाजूने का यायचं आणि काठामागच्या पडत्या, खवळलेल्या हवेत का शिरायचं नाही, हे तू त्यानंतर कुठल्याही आकृतीशिवाय सांगू शकशील.

डायनॅमिक रोलओव्हर (जमिनीला टेकलेलं हेलिकॉप्टर बाजूला उलटणं), ग्राउंड रेझोनन्स (जमिनीवरची वाढत जाणारी थरथर), एंडोर्समेंट्स (इन्स्ट्रक्टरने लॉगबुकात द्यायच्या सह्या) यांवर मी लांबण लावत नाही; पुस्तकात नीट दिलं आहे. फक्त रोलओव्हरमध्ये उपाय कलेक्टिव्ह सावकाश खाली हाच, आणि स्लोपच्या (उतारावर टेकण्याच्या) धड्यात विद्यार्थी झालेला एक्झॅमिनर नेमका तो वर ओढणार, एवढं धरून चाल. एंडोर्समेंट पाठ करायची नाहीत, पण कुठली कधी लागते आणि कुठे शोधायची हे अर्ध्या मिनिटात दाखवता आलं पाहिजे.

लेसन प्लॅन स्वतः लिही. विकत घेतलेली किंवा मित्राची जाड फाइल घेऊन गेलास तर एक्झॅमिनर मधलंच एखादं पान उघडून "हे इथे का लिहिलंय?" विचारतो आणि तिथे सगळं उघडं पडतं. हाताने लिहिलेले, खाडाखोड असलेले थोडे प्लॅन मला जास्त विश्वासाचे वाटतात.

कागदपत्रांत एक गोष्ट आपल्या गोवेकरांच्या बाबतीत विशेष. घरातल्या जुन्या कागदांवर आडनावाचं पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, असं बऱ्याच घरांत असतं. तुझं लायसन्स, ओळखपत्र आणि आयएसीआरए या एफएएच्या ऑनलाइन व्यवस्थेवरचा अर्ज यांतलं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते आजच तपास. हेलिकॉप्टरची लॉगबुकं आदल्या दिवशी स्वतः उघडून वार्षिक आणि १०० तासांच्या तपासणीच्या नोंदींवर चिठ्ठ्या लाव.

तुझ्या मनातला शेवटचा प्रश्न तू लिहिला नाहीस, पण तो दिसतो. नापास झालो तर? डिसअप्रूव्हलची नोटीस मिळते, त्यावर काय राहिलं ते लिहिलेलं असतं. पुन्हा प्रशिक्षण घेऊन, इन्स्ट्रक्टरची सही घेऊन ६० दिवसांत गेलास तर साधारणपणे तेवढंच पुन्हा द्यावं लागतं. आणि हवामान बिघडलं किंवा यंत्रात खोट निघाली तर परीक्षा थांबवता येते. त्याला लेटर ऑफ डिसकंटिन्युअन्स म्हणतात आणि ते नापास होणं नव्हे. तोंडी पाच तास चालून तू थकला असशील आणि बाहेर वारा तुझ्या मर्यादेबाहेर गेला असेल, तर "आज उडायचं नाही" हे तूच आधी म्हण. समोरचा ते ऐकायची वाटही बघत असू शकतो.